वकिलाला दोर कशाला चढायचा?

मागच्या अंकात या सदरात लष्करातल्या वकिलीबद्दल दीड पान लिहिलं आणि पत्रांचा ढीग लागला. पेन्शनच्या अर्जांबद्दल वर्षभर लिहितेय, त्याला इतकी पत्रं कधी आली नव्हती. नव्या वाचकांसाठी माझी ओळख दोन ओळींत देते. पुण्यात एलएल.बी. केलं, १९९६ मध्ये लष्कराच्या जॅग शाखेत, म्हणजे जज अ‍ॅडव्होकेट जनरलच्या विभागात गेले आणि १४ वर्षांनी मेजर म्हणून बाहेर पडले. आता शिवाजीनगर कोर्टात असते. महिन्यातून दोनदा सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठासमोर उभी राहते. गुडघा एक बरा आहे, एक नाही. या वेळी उत्तरं फक्त प्रशिक्षणाबद्दलच्या पत्रांना, म्हणजे चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीबद्दल. जॅगच्या वकिलांनाही आधी तिथेच जावं लागतं.

प्रश्न: ताई, मी पाच वर्षांच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. क्लॅट पीजीची, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी चालू आहे, त्याची भीती नाही. भीती आहे ती चेन्नईची. मला एकही पुल-अप येत नाही, २.४ किलोमीटर धावायला १७ मिनिटं लागतात, आणि शाळेत दोर चढताना हात सोलून निघाले तेव्हापासून दोराकडे बघितलेलं नाही. तिथला दिवस कसा असतो आणि आत्तापासून काय करू? — एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर: अगं, मला जाताना अर्धाही पुल-अप येत नव्हता. बारला लोंबकळलं की कपाट उघडल्यासारखा खांद्यातून आवाज यायचा. तेव्हा आधी श्वास घे.

दिवस पहाटे सुरू होतो. साडेचार-पाचला तू अंथरुणात नसतेस, रांगेत असतेस. आधी पीटी, मग आंघोळ आणि नाश्ता, मग ड्रिल, शस्त्र, नकाशावाचन, डावपेचांचे तास. दुपारी जेवण, त्यानंतर खेळ, संध्याकाळी अभ्यासाचा तास, रात्री टाय लावून मेसमध्ये जेवण. कागदावर हे एखाद्या कडक वसतिगृहासारखं दिसतं. कागदावर दिसत नाहीत त्या मधल्या सात मिनिटांच्या फटी. पीटीचे पांढरे कपडे उतरवायचे, कांजी केलेला ड्रिलचा गणवेश चढवायचा, बूट असे हवेत की त्यात उस्तादाला, म्हणजे शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला, स्वतःच्या मिशा दिसल्या पाहिजेत, आणि परेड मैदानावर पळत पोचायचं. चालत जाणं हा प्रकार विसर. पहिले काही महिने तू कुठेही चालत जात नाहीस. मेसमध्ये सुद्धा नाही. धावता येणं ही तिथे कसोटी नव्हेच, ती वाहतूक आहे.

आणि कुणी काही चुकलं की सगळ्यांना शिक्षा. त्यातला एक प्रकार म्हणजे कपडे बदलून या. पीटी ड्रेसमध्ये पाच मिनिटांत, मग मुफ्तीत पाच मिनिटांत, मग पुन्हा पीटी ड्रेसमध्ये. मुफ्ती म्हणजे साधे, पण टाय-बूटवाले कपडे. आमच्या खोलीत आम्ही अखेर गाठ न सोडता टाय डोक्यातून काढून खुंटीला लावायला शिकलो. गळ्याला वकिलीचा पांढरा बँड लावणाऱ्या माझ्यासारखीला ते आधी सुचायला हवं होतं.

ड्रिलबद्दल एक सांगते, कारण वकिलांची तिथे हमखास फजिती होते. आपली चाल कोर्टाच्या व्हरांड्यातली. एका हातात फाईल, मान वळलेली, कुणाशी तरी बोलणं चालू. पहिल्या आठवड्यात माझा डावा हात डाव्या पायाबरोबरच पुढे जात होता. घरी कधी चालले नसेन तशी चालत होते. ड्रिलचे हुकूम हिंदीत, ‘तेज चल’ म्हटलं की पन्नास जणी एका बाजूला आणि मी एकटी उंटासारखी. उस्तादांनी तिसऱ्या दिवशी मला रांगेतून बाहेर काढलं आणि शांतपणे म्हणाले, “वकील साब, यहाँ तारीख नहीं मिलेगी. आज ही होगा.” झालं. संध्याकाळी सगळ्या खेळाच्या मैदानावर, आणि मी एकटी परेड मैदानावर हात-पाय जुळवतेय.

आता तयारी. भरतीच्या जाहिरातीत मुलींसाठी २.४ किलोमीटरला १३ मिनिटं आणि मुलांसाठी साडेदहा मिनिटं, अशी अपेक्षा दिलेली असते. त्याबरोबर पुश-अप, पुल-अप, सिट-अप असतात आणि पोहण्याची तोंडओळख हवी, असंही म्हटलेलं असतं. जाहिरात दर वेळी नीट वाच. वकील असून लोक वाचत नाहीत. २.४ किलोमीटर म्हणजे ४०० मीटरच्या सहा फेऱ्या. सणस मैदानाचा ट्रॅक तुला फार लांब नाही. १३ मिनिटं म्हणजे प्रत्येक फेरी २ मिनिटं १० सेकंदांत. तुझी सध्याची फेरी २ मिनिटं ५० सेकंदांची आहे. सगळं अंतर रोज पळून हा फरक भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा एकच फेरी २.१० ला मार, दोन मिनिटं चाल, पुन्हा मार, अशा चार. महिन्याने सहा. आणखी एक दिवस सावकाश, गप्पा मारता येतील अशा वेगाने पाच-सहा किलोमीटर. त्याला लॉ कॉलेजच्या टेकडीसारखी जागा नाही, पायाखाली माती असते, डांबर नसतं. तिसरा दिवस चढाचा. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, तीनदा चढ, उतरताना चाल. उतरताना धावणारी पोरं मी रोज बघते आणि त्यांच्या गुडघ्यांची मला काळजी वाटते.

पुल-अपसाठी व्यायामशाळेचे पैसे भरू नकोस. महापालिकेच्या बहुतेक बागांमध्ये बार आहेत. स्टूल घे, हनुवटी बारच्या वर येईल अशी उभी राहा, पाय उचल आणि आठ आकडे मोजत खाली ये. पाच वेळा. वर जाण्याचा प्रयत्नच करायचा नाही. दीड-दोन महिन्यांत एके दिवशी हात आपोआप वर ओढतात. माझं ते चेन्नईत तिसऱ्या महिन्यात झालं आणि मी बारवरच ओरडले, त्याबद्दल दहा पुश-अप मिळाले.

दोराचं मात्र पुण्यातल्या मुलीने घाबरावं याचं मला नवल वाटतं. आपल्याकडे दोरीचा मल्लखांब आहे! महाराष्ट्रीय मंडळ ही व्यायामाची संस्था १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी काढली. त्याच वर्षी आयएलएस लॉ कॉलेज सुरू झालं, म्हणजे पुण्यात वकिली आणि व्यायाम जुळी भावंडं आहेत म्हणायची. तुझे हात सोलले, कारण तू हातांनी चढत होतीस. दोर पायांनी चढायचा असतो. दोर उजव्या पायाच्या बाहेरून खाली येऊ दे. डाव्या पावलाने तो खालून उचल, म्हणजे तो उजव्या तळव्याखालून येऊन डाव्या पावलावर पडेल. आता उजवं पाऊल त्यावर दाबून ठेव. झाली पायरी. तिच्यावर उभी राहा, हात वर सरकव, गुडघे पोटाशी घे, पुन्हा पायरी. हात फक्त धरून ठेवतात. आणि उतरताना घसरत यायचं नाही, हाताखाली हात घेत यायचं. सोलण्याचं पाप तिथे घडतं. मंडळात किंवा जवळच्या कुठल्याही आखाड्यात महिनाभर शिकलीस तरी तू तुझ्या तुकडीतल्या निम्म्या मुलामुलींच्या पुढे असशील.

चेन्नईची हवा ही खरी परीक्षा. पुण्यात घाम वाळतो, तिथे वाळत नाही, नुसता वाहतो. अभ्यासक्रम एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि ४९ आठवडे चालतो. म्हणजे तिथला उन्हाळा कुणालाच चुकत नाही. म्हणून मे महिन्यात भर दुपारी टेकडी चढून सराव कर, असं मी सांगणार नाही. ते सांगणारे पुष्कळ काका भेटतील. पाणी प्यायची सवय लाव, ताकात मीठ घाल, एवढं पुरे.

प्रश्न: माझी मुलगी वकील आहे. हुशार आहे, वाद घालण्यात तर घरात कुणाचं चालू देत नाही. तिला लष्करात वकील व्हायचंय, ठीक आहे. पण तिने पाठीवर ओझं घेऊन रात्री-बेरात्री जंगलात का धावायचं? वकिलाला दोर कशाला चढायचा? तिचे वडील म्हणतात, हे शोभेसाठी आहे. शिवाय एक चांगलं स्थळ आलंय. लग्न करून जाता येतं का? — एक आई, सदाशिव पेठ

उत्तर: आधी स्थळाचं, कारण ते घाईचं दिसतंय. या भरतीला अविवाहितच लागतात. आणि प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही. केलं तर काढून टाकतात आणि सरकारने केलेला खर्च परत मागतात. साखरपुड्यावर सरकारची हरकत नाही. मुलाकडच्यांना ४९ आठवडे थांबता येत नसेल तर ते स्थळ चांगलं कसं, हे तुम्हीच बघा.

आता ओझ्याचं. तुमच्या यजमानांसारखंच माझ्या वडिलांनाही वाटायचं. “काळा कोट घालून धावायचं का?” असं ते सगळ्या पेठेत सांगत फिरत होते. त्यांना मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही. तुम्हाला देते.

प्रशिक्षणात मैदानी सराव असतो, रात्री उघड्यावर. तिसरी रात्र होती. आधीचे दोन दिवस आम्ही पाठीवर सामान, हातात रायफल घेऊन चालत होतो, मोर्चे खणत होतो. झोप मिळून चार तास झाली असेल, तीही तुकड्यातुकड्याने. मला पहाऱ्यावर उभं केलं. दोन तासांचा पहारा. मी झाडाला टेकले नव्हते, हे शपथेवर सांगते. उभी होते, डोळे उघडे होते असं मला वाटत होतं. मग कुणीतरी हळूच विचारलं, “मॅडम, आपकी सहेली कहाँ है?” मी म्हटलं, कोण सहेली? समोर उस्ताद उभे आणि माझी रायफल त्यांच्या हातात. माझ्या हातातून त्यांनी ती केव्हा काढून घेतली, मला आजतागायत माहीत नाही. बोटं तशीच वळलेली होती, आत काही नव्हतं. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पलीकडे झोपलेल्या माझ्या अकरा मैत्रिणींकडे बोट दाखवलं आणि रायफल परत दिली. दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर धरून मैदानाच्या किती फेऱ्या मारल्या, ते मी मोजलं नाही.

सहा वर्षांनी माझ्या टेबलावर एक फाईल आली. कुठली पलटण, कुठला भाग, हे सांगणार नाही. पहारेकरी पहाऱ्यावर झोपलेला सापडला. आर्मी अ‍ॅक्ट, १९५०, कलम ३६. युद्धसदृश सेवेवर असताना झालं तर १४ वर्षांपर्यंत, एरवी ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, इतकी गंभीर गोष्ट. साक्षीदारांचे जबाब स्वच्छ होते. जवानाने स्वतः सांगितलं होतं: होय, डोळा लागला. नुसतं कायदा शिकलेल्या माणसाला ती फाईल दहा मिनिटांची होती. गुन्हा आहे, कबुली आहे, खटला चालवा.

मी गार्ड रजिस्टर, म्हणजे पहाऱ्याच्या पाळ्यांची नोंदवही, मागवलं. आधीच्या चार दिवसांचं. आणि दवाखान्याचं रजिस्टरही. आमच्या कारकुनाने विचारलं, मॅडम, दवाखान्याचं कशाला? त्यात काय सापडलं आणि मी लेखी सल्ला काय दिला, हे गोपनीय असतं, आजही सांगता येणार नाही. पण ती रजिस्टरं मागवावीत, हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं. उलटही सांगते, नाहीतर वाटेल की मी जवानाच्या बाजूने विरघळले. झोपलेल्या अकरा जणी मला दिसत होत्या, म्हणून तो गुन्हा मला किरकोळही वाटला नाही. तुमची मुलगी उद्या अशा फायलींवर सही करणार आहे. पलटणीचा कर्नल तिचं ऐकणार आहे, तो तिच्या पदवीमुळे कमी आणि तिच्या खांद्यावरचे तारे त्याच्यासारख्याच मैदानावर मिळालेत म्हणून जास्त. ते तारे, जाता जाता सांगते, दीक्षान्त संचलनानंतर आई-वडीलच खांद्यावर लावतात. तुमच्या यजमानांना तिकीट आत्ताच काढायला सांगू नका, पण शोभेचं काय ते त्यांना तिथे कळेल.

जागांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मध्यंतरी एका जाहिरातीत पुरुषांना सहा आणि बायकांना तीन जागा होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि दोघांची मिळून एकच गुणवत्ता यादी लावा, असं सांगितलं. माझ्या वेळी मुलींचं प्रशिक्षण सहा महिन्यांच्या आसपास असायचं, मुलांपेक्षा कमी. त्यावरून आम्हाला टोमणे ऐकावे लागत. आता दोघांना सारखंच.

प्रश्न: मॅडम, एसएसबीतून, म्हणजे लष्कराच्या निवड मंडळाच्या मुलाखतीतून, माझी शिफारस झाली आहे, मेडिकलही झालं. पत्र आलं की निघायचं. म्हणून गेला महिनाभर रोज दहा किलोमीटर पळतोय, सिमेंटच्या रस्त्यावर, कारण घराजवळ तोच आहे. आता नडगीत दुखतं. मित्र म्हणतात, पळत राहा, आपोआप बसेल. — एक वकील, चिंचवड

उत्तर: मित्रांना सांगा, दुखणं बसत नाही, तुम्ही बसाल.

रात्री पलंगावर पाय लांब करा आणि नडगीच्या हाडावरून अंगठा दाबत वरून खाली या. आतल्या कडेला वीतभर पट्ट्यात ठणकतं आणि धावायला सुरुवात केल्यावर थोडं कमी होतं, असं असेल तर बहुधा स्नायू आणि हाडाच्या आवरणाची कुरकुर आहे. दोन-तीन आठवडे पळणं थांबवा, पोहा, सायकल चालवा. पण बोट ठेवता येईल अशी एकच जागा असेल, तिथे दाबल्यावर डोळ्यांत पाणी येत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल, रात्री पडल्या पडल्या दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. उद्याच अस्थितज्ज्ञाकडे जा. सुरुवातीच्या आठवड्यांत साध्या एक्स-रेत ती दिसत नाही, म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी पेढे वाटू नका. एमआरआय लागेल का ते विचारा. चीर असेल तर सहा ते आठ आठवडे विश्रांती, त्याला दुसरा उपाय नाही.

मी हे इतक्या पोटतिडकीने लिहितेय, कारण माझ्या बाजूच्या खाटेवरच्या मुलीने हेच लपवलं. विदर्भातली होती, काटक, आमच्या सगळ्यांच्या पुढे धावायची. नडगी दुखतेय हे तिने मला सांगितलं, दवाखान्यात सांगितलं नाही, कारण कमजोर दिसायला नको. रात्री मोज्यात बर्फाचा तुकडा घालून बांधायची. लांब पल्ल्याच्या मार्चला ती शेवटच्या टप्प्यात खाली बसली आणि उठली नाही. हाड पूर्ण गेलं. तिला एक सत्र मागे ठेवलं. तिथे त्याला रेलिगेशन म्हणतात आणि तो शब्द कॅडेट कुजबुजत उच्चारतात. पुढे ती अधिकारी झाली, उत्तम झाली. पण आमच्याबरोबर ती परेडला नव्हती, आणि तिने मोज्यातला बर्फ मला दाखवला तेव्हा मी हसले होते.

चुका तुम्ही तीन केल्यात. शून्यावरून एकदम रोज दहा. सिमेंट. आणि एकही दिवस सुट्टी नाही. हाडाला ताण आवडतो, पण तो पचवायला वेळ लागतो. अंतर वाढवायचं ते आठवड्याला थोडं थोडं. लष्करात जाऊन ५ किलोमीटर पाठीवर सामान आणि हातात रायफल घेऊन, बुटांत धावायचं असतं, त्याची तयारी म्हणून आत्तापासून जड बूट घालून पळणारे महाभाग मी टेकडीवर बघते. तसं करू नका. बूट पायात नुसते घालून चालण्याची सवय करा, एवढंच. आणि वकिली करता करता दुपारचं जेवण चहावर काढत असाल तर रक्तातलं लोह आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. कोर्टात सूर्य दिसत नाही.

पत्र येईल तेव्हा पाय दुखत असेल, तर मुदतीत कळवा. लपवून गेलात तर तिथे पहिल्याच महिन्यात कळेल.

प्रश्न: वर्षभर नुसतं धावून कायदा विसरणार नाही का? माझी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना आहे. तिचं काय होतं? — एक ज्युनिअर, शिवाजीनगर कोर्ट

उत्तर: विसरतो. मी तर समन्सचा नमुनाही विसरले होते. चेन्नईत लष्करी कायद्याचा तास असायचा, जेवणानंतर, पंख्याखाली. त्या तासाला सगळ्यात आधी झोप लागायची ती आम्हा वकिलांना.

पण खरं शिक्षण नंतर सुरू होतं, तेही आपल्याच राज्यात. नागपूरजवळ कामठीच्या छावणीत लष्करी कायद्याची संस्था आहे. तिथे १९५० चा अ‍ॅक्ट, १९५४ चे नियम, चौकशी न्यायालय, पुरावे नोंदवण्याची पद्धत, हे सगळं हाडात मुरवतात. त्याआधी किंवा नंतर एखाद्या पलटणीबरोबरही राहावं लागतं. तिथे तुम्ही वकील नसता, इतरांसारखे एक लेफ्टनंट असता, जवानांबरोबर सकाळी पीटी, त्यांच्याबरोबर व्हॉलीबॉल. तिथे लाजू नका. पुढे आयुष्यभर ज्यांच्यावरची कागदपत्रं वाचायची, ती माणसं रविवारी दुपारी काय करतात हे दुसरीकडे कुठे कळत नाही. माझ्या पलटणीत एक हवालदार रविवारी सगळ्या तुकडीची पत्रं लिहून द्यायचा. रजेचे अर्ज असे लिहायचा की कुणाचाही जीव कळवळावा. पुढे रजेवरून उशिरा परतलेल्यांच्या केसेस वाचताना मला प्रत्येक अर्जामागे असा एक हवालदार दिसायचा.

तुमच्या कल्पनेतलं कोर्ट मात्र तिथे नाही. जनरल कोर्ट मार्शलमध्ये न्यायाधीश म्हणून किमान पाच अधिकारी बसतात, लढणारे, कायदा न शिकलेले. जॅगचा अधिकारी जज अ‍ॅडव्होकेट म्हणून शेजारी असतो. तो कायदा सांगतो, पुरावा समजावतो, पण त्याला मत नसतं. सगळं समजावून सांगायचं आणि निर्णयाच्या वेळी गप्प राहायचं, हे वकिलाला दोर चढण्यापेक्षा अवघड जातं.

सनद: पूर्णवेळ पगारी नोकरीत गेलात की ती बार कौन्सिलकडे स्थगित करून ठेवावी लागते. बाहेर पडल्यावर अर्ज करून पुन्हा चालू होते, मी केली. प्रशिक्षणात महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. तुमच्या सीनिअरने गेल्या वर्षभरात किती दिले, ते मी विचारत नाही.

प्रश्न: मी शाकाहारी आहे. जमेल का? — कोथरूड

उत्तर: जमेल. मेसमध्ये शाकाहारी जेवण असतं, पनीर इतकं असतं की घरी आल्यावर वर्षभर नको वाटतं. त्रास वेगळाच होतो. साडेआठला गोडं वरण-भात-तूप अशी वेळ आणि चव लागलेल्या माणसाला सकाळी सहाला चार उकडलेल्या बटाट्यांची भूक लागते, आणि तेव्हा काहीच नसतं. शेंगदाण्याचे लाडू सोबत न्या. खोलीची तपासणी होते, तेव्हा कुठे ठेवायचे ते तुमचं तुम्ही शोधा.

आता शेवटचं पत्र. यात प्रश्न नाही.

“मागच्या अंकात आपण लिहिलंत की अल्पमुदतीच्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण पहिल्यापासून मद्रासलाच होतं. हे चूक आहे. मी पुण्यात घेतलं आहे. कृपया दुरुस्ती छापावी.” — एक निवृत्त अधिकारी, वानवडी

सर, चूक माझी. १९६२ च्या चीन युद्धाच्या सुमारास अधिकारी कमी पडू लागले तेव्हा घाईने दोन प्रशिक्षण शाळा काढल्या होत्या, एक मद्रासला आणि एक इथे पुण्यात. पुण्याची १९६४ मध्ये बंद झाली, मद्रासची राहिली. १९८८ पासून तिलाच अकादमी म्हणतात. हे मला माहीत असायला हवं होतं, निदान पुण्यात राहून तरी. सर, तुमच्या पत्राच्या मागे पेन्सिलीने एक नकाशा काढलाय, त्यात एक चढ आणि त्यावर ‘इथे ओकलो’ असं लिहिलंय. तो चढ कुठला, ते मला ओळखू येत नाही. शनिवारी सकाळी वानवडीत येते. तुम्ही काठी घ्या, मी गुडघ्याचा पट्टा बांधून येते, आणि जागा दाखवा.